हूं का म्हणायचे?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आजी गोष्ट सांगताना मला सारखे 'हूं' म्हणायला का लावते? आमच्या शाळेत तर मधे आवाज केलेला चालत नाही." म्युनिकच्या तुझ्या वर्गाची शिस्त तिच्या जागी ठीकच आहे, आपल्याकडे मात्र सांगणारा एकटा गोष्ट सांगत नाही. पूर्वी दिवा मालवल्यावर अंथरुणात गोष्टी चालत, अंधारात ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, आणि तो जागा आहे, त्याला कळते आहे, पुढचे हवे आहे, हे सारे त्या एका हुंकारावरून ओळखायचे असे. हूं थांबला की मूल झोपले. गोष्ट तिथेच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायची.

मला याचे प्रत्यंतर श्रावणी सोमवारी आले. माझी मैत्रीण कसबा पेठेतल्या एका शाळेत तिसरीला शिकवते; एखादी कहाणी सांगायला तिने मला बोलावले. खिडकीच्या गजांवर ओले रेनकोट ठिबकत होते आणि मुले 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसली होती. "आटपाट नगर होते" म्हणून मी खुलभर दुधाची कहाणी सुरू केली, पण समोरून काहीच येईना. शेवटी म्हटले, बोटे काढा आणि वाक्यागणिक हूं द्या. पहिले चारदोन हूं नुसती चेष्टा होती. शेवटच्या बाकावरच्या एकाने तर म्हशीसारखा काढला. परंतु राजाच्या हुकमावरून गावाने लेकरावासरांनाही न ठेवता सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले, तरी गाभारा भरेना, इथवर आल्यावर तो हूं अगदी हलका झाला.

"खुलभर म्हणजे किती?" एका मुलीने विचारले. मी तिच्याच बाटलीच्या टोपणात पाणी ओतून दाखवले. (खरे खुलभर याहून थोडे अधिक असावे, पण गोष्टीत एवढे चालते.) मग लेकरांना, वासरांना पाजून उरलेले तेवढेसे दूध म्हातारीने नेऊन ओतले, आणि मी तोंड उघडण्याआधीच तो म्हशीवाला ओरडला, "भरला!" सोनू, इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हे तर मी म्हणालेच नाही. मुलांनीच म्हटले, दोनदा.

मोठ्या माणसांनाही हे लागतेच. लहानपणी आजोबा मला सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तनाला नेत; बुवा "पुंडलिक वरदे" म्हणून थांबत आणि "हारी विठ्ठल" श्रोत्यांनी पुरे करायचे असे. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी "जी जी" करतात, तेही हुंकाराचेच भावंड.

रविवारी तुझ्या साडेआठला, म्हणजे इथे रात्री बाराला, फोन कर. बाबांना दिवा मालवायला सांग आणि कॅमेरा बंद ठेव. तुझा हूं थांबला की मी फोन ठेवीन.

तुझी आई