आय७ म्हणजे आय५पेक्षा सरसच का?

प्रश्न : मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली असून तिच्यासाठी वापरलेला लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदाराने लेनोवोचे, एकाच किमतीचे दोन थिंकपॅड दाखवले. टी४७०एसमध्ये आय७-७६००यू हा प्रोसेसर आहे, तर टी४८०मध्ये आय५-८२५०यू. ‘आय७ वरचा, तोच घ्या,’ असे त्याचे म्हणणे आहे. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे एकाच पिढीतले प्रोसेसर समोर असतील तरच ग्राह्य धरावे. आय५, आय७ ही श्रेणी झाली. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यांवरून. ७६००यू सातव्या पिढीतला आहे आणि ८२५०यू आठव्या. (दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे एकत्र वाचावे लागतात.) शेवटचा ‘यू’ कमी वीज खाणाऱ्या वर्गाचा असून, नेमक्या याच वर्गात इंटेलने आठव्या पिढीतल्या आय५, आय७ना दोनाऐवजी चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) दिले. त्यामुळे तुमच्यापुढच्या आय७मध्ये दोन कोअर आहेत आणि ‘खालच्या’ आय५मध्ये चार! शिवाय विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासूनच सुरू होते. विंडोज १०चा नेहमीचा आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे लक्षात घेता ही बाब क्षुल्लक नाही.

आता लॅपटॉपच्या नावाकडे वळू. टी४८०मधला ४ म्हणजे १४ इंची पडदा (टी५८०चा १५.६ इंची) आणि ८ म्हणजे २०१८ सालचे मॉडेल. ‘एस’ सडपातळ बांध्याचा. मात्र त्या बांध्यापायी टी४७०एसमध्ये काही रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि वाढवायला एकच खाच उरते, तर टी४८०मध्ये रॅमसाठी दोन खाचा मिळतात. २०१९च्या टी४९०नंतर २०२०मध्ये टी१४ आला, तेव्हा ही पद्धतच बदलली. तिथे १४ हे थेट पडद्याचे माप आहे आणि लॅपटॉपची पिढी वेगळी लिहिलेली असते, त्यामुळे आकडा लहान दिसतो म्हणून टी१४ला टी४८०पेक्षा जुना समजू नये.

झाकणावरच्या नावावर मात्र विसंबू नका. टी४७०एस हेच नाव धारण करणारे काही लॅपटॉप सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसह विकले गेले आहेत. लॅपटॉप उलटा करून तळाच्या चिकटपट्टीवरचा चार अक्षरी ‘टाइप’ वाचावा. टी४८०चा तो बहुधा २०एल५ किंवा २०एल६ असतो. तो लेनोवोच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ जडणघडण कळते. अर्थात नंतर कोणी रॅम वा डिस्क बदलली असेल, तर ती विंडोजच्या सेटिंग्जमध्येच दिसेल.

माझा कौल टी४८०ला. त्याला एक बॅटरी आत आणि एक मागे, काढता येण्याजोगी असते. पैसे देण्यापूर्वी दोन्हींची अवस्था दुकानातच तपासून घ्यावी.