गिरणेतला वाळूउपसा: निवेदन देऊनही कारवाई होत नसेल तर

भाऊ, तुमचा प्रश्न असा: भडगाव-पाचोऱ्याकडे गिरणाकाठच्या तुमच्या गावात रात्री वाळू उपसली जाते, सह्यांची निवेदने तहसीलला दिली, काहीच हालचाल नाही, तर आता उपोषणाला बसायचे का? माझे मत, इतक्यात नको. आधी कागद पक्का करा.

'अवैध उपसा थांबवावा' एवढ्या ओळीवर कार्यालयाला ठोस असे काही करावेच लागत नाही, खाली सह्या कितीही असोत. निवेदन सर्कलकडे (मंडळ अधिकाऱ्याकडे) जाते, तिथून तलाठ्याकडे. दिवसा पात्रात एक चक्कर होते आणि 'पाहणी केली असता उपसा आढळून आला नाही' असा अहवाल येतो. म्हणून तक्रार ट्रॅक्टरची करू नका, खड्ड्याची करा. ट्रॅक्टर पळून जातो, खड्डा जागेवर असतो.

खड्डा मोजायला तीस मीटरचा टेप आणि एक लांब काठी पुरते. लांबी-रुंदी दोन-दोन ठिकाणी घ्या, खोली पाच ठिकाणी, आणि सरासरी काढा. समजा खड्डा २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर खोल आहे, तर झाले ६०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हिशेब येतो सुमारे २१२ ब्रासचा. आता हा आकडा कार्यालयाला टाळता येत नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उपशाला खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि त्याची आकारणी ब्रासवरच होते. वाहने आणि यंत्रे जप्त करायची तरतूद ४८(८) मध्ये आहे.

मोजणी गिरणा धरणाचे आवर्तन (नदीत सोडायचे पाणी) सुटण्याआधी करा. पाणी आले की कडा ढासळतात, खड्डा बुजतो, पुरावा जातो. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश येणारे अॅप वापरा. पात्राला गट नंबर नसतो, म्हणून 'गट नं. अमुकसमोरील पात्र' असे लिहा. मोजायला दिवसाउजेडी, चौघा-पाच जणांनी मिळून जा. रात्री पात्रात जाणे, डंपर अडवणे, गाडीसमोर उभे राहून व्हिडिओ काढणे, यातले काहीही करू नका. वाळूच्या पैशापायी जिवावर उठणारी माणसे आहेत. रात्री उपसा सुरू दिसला तर ११२ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा, तेवढे पुरे.

अर्ज एका पानाचा, तहसीलदारांच्या नावे, प्रत प्रांत आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना. मागण्या तीनच: खड्ड्याची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने) मोजणी करावी, पंचनाम्याची तारीख अर्जदाराला लेखी कळवून त्याच्यासमोर पंचनामा करावा, कलम ४८(७) प्रमाणे दंड आकारावा. कोणाचे नाव घालू नका. नाव घातले की विषय नदीचा राहत नाही, भाऊबंदकीचा होतो, आणि तेच सिद्ध करण्यात वर्ष जाते. आवक शिक्क्याची पोच घ्याच. साहेबांना व्हॉट्सअॅप केले, त्याला पोच म्हणत नाहीत.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज लावा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'कारवाई का केली नाही' असे विचारले तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा: गावाच्या हद्दीत मंजूर वाळूगट (उपशाला परवानगी असलेला पात्राचा तुकडा) असल्यास त्याचे क्षेत्र, खोली, ब्रास आणि मुदत दाखवणारा आदेश, पर्यावरण अनुमतीची प्रत, गेल्या वर्षातले पंचनामे आणि दंडवसुलीची नोंदवही. मुदत ३० दिवस. पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्याचाही उपयोग झाला नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. एवढे थांबायचे नसेल तर २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

कागद हाती आले की मंजुरी आणि जागेवरची स्थिती यातली तफावत दिसते, आणि खरी तक्रार तिथेच असते. मंजूर वाळूगट असला तरी १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो, सूर्यास्तानंतर बंद असतो, ठरल्या खोलीखाली जाता येत नाही.

ग्रामसभेचा ठराव घ्या, पण गणपूर्ती बघा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी ती संख्या. ठरावात घरकुलाचा मुद्दा वेगळा काढा. लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद शासनाचीच आहे, आणि ती नाकारल्यासारखे वाटले तर अर्धे गाव तुमच्या विरोधात जाते. ठरावात लिहा की घरकुलाची वाळू रीतसर पासावर मिळावी, बाकी उपसा बंद व्हावा. सभेत खड्ड्याचे पाणी सांगा. वाळूच्या थरात निदान पाव हिस्सा पोकळी असते. ६०० घनमीटर वाळूत दीड लाख लिटर पाणी मावते, आणि वाळू गेली की ते वाहून जाते. केळी पिकवणाऱ्याला हा हिशेब चटकन पटतो.

विहिरींची नोंद आजपासूनच सुरू करा. काठावरच्या पाच-सहा विहिरी निवडा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर पंधरवड्याला त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा, तेही सकाळी मोटर चालू होण्याआधी. उपसलेल्या विहिरीचे माप खोटे पडते आणि समोरची बाजू तेवढेच धरून बसते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या विहिरीचे आकडे मागून स्वतःच्या वहीशेजारी लावा.

महिनाभरात उत्तर नाही आले तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो ठरलेला दिवस. तिथे सामूहिक निवेदन घेत नाहीत, तक्रार वैयक्तिक लागते. ज्याची विहीर आटली त्या शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. आधी तालुक्याला, तिथला टोकन क्रमांक जोडून मग जिल्ह्याला. जिल्ह्याचा दिवस महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज १५ दिवस आधी. 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार टाका, पण 'संबंधितांना कळविले' एवढ्यावर ती निकाली काढली तर असमाधानी नोंदवून पुन्हा टाका.

हे सगळे करताना एक तारीख डोक्यात ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठात) त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने आहे, आणि सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. तहसीलच्या स्मरणपत्रांत ती सहज निघून जाते. चौथ्या महिन्यात कागद वकिलाकडे गेलेच पाहिजेत: मोजणीचे तक्ते, पोच असलेले अर्ज, माहिती अधिकारात आलेली उत्तरे, ठराव, विहिरींची वही. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, त्यालाच पंधरा दिवस धरा.