विंडोजवर डायरंट डॉट एच सापडत नाही

प्रश्न: सीमध्ये फोल्डरमधल्या फाइल्सची यादी काढणारा प्रोग्रॅम लिहिलाय, उबुंटूवर मस्त चालतो. मित्राने विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत टाकला तर डायरंट डॉट एच (फोल्डर वाचायच्या फंक्शन्सची हेडर फाइल) सापडत नाही म्हणतो. सगळीकडे इफडेफ (सिस्टिम बघून वेगवेगळा कोड कंपाइल करायची अट) घालू का?

उत्तर: इफडेफ लागणारच, पण सगळ्या कोडभर पेरू नका हो, दोन महिन्यांनी तुम्हालाच वाचता येणार नाही. एक वेगळी फाइल करा, त्यात तीनच फंक्शन्स: उघड, पुढचं नाव दे, बंद कर. बाकी प्रोग्रॅमला विंडोज-लिनक्स काही माहीतच नको.

ओपनडिर, रीडडिर ही डायरंट डॉट एचमधली, पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाची) फंक्शन्स, ती मॅकवर चालतात, मिनजीडब्ल्यूतही (विंडोजवरच्या जीसीसी कंपायलरमध्ये) मिळतात, पण व्हिज्युअल स्टुडिओतल्या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत येत नाहीत. तिथे विंडोजची स्वतःची फाइंडफर्स्टफाइल आणि फाइंडनेक्स्टफाइल वापरायची, आणि पाथच्या शेवटी बॅकस्लॅश आणि स्टार लावायचा. खरी गोची इथे आहे: फाइंडफर्स्टफाइल फोल्डर उघडतानाच पहिलं नाव हातात देतं, ते स्ट्रक्टमध्ये जपून ठेवा आणि 'पुढचं नाव दे'च्या पहिल्या कॉलला तेच परत करा. नाहीतर पहिली एंट्री गळते, आणि ती बहुतेक वेळा नुसता डॉट (म्हणजे तोच फोल्डर) असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही, मग एखाद्या दिवशी कुणी थेट सी ड्राइव्हच्या रूटवर चालवतो, तिथे डॉट नसतो, आणि खरंच एक नाव गायब!

या विंडोज फंक्शन्सची नावाच्या शेवटी ए किंवा डब्ल्यू लावलेली दोन रूपं असतात, त्यातलं डब्ल्यूवालं (युनिकोडचं) घ्या. एवालं घेतलंत तर 'हिशोब' नावाच्या फाइलचं साधारणपणे पाच प्रश्नचिन्हं होऊन येतं, आपल्याकडे देवनागरी नावं सर्रास असतात त्यामुळे डब्ल्यूवालंच वापरा. डब्ल्यूवालं यूटीएफ-१६ देतं, ते तिथल्या तिथे यूटीएफ-८ करून घ्या.

लिनक्सच्या बाजूला डी_टाइप (रीडडिरने दिलेल्या एंट्रीतला प्रकार) बघून फाइल की फोल्डर ठरवत असाल तर जरा थांबा, काही फाइलसिस्टिम्स तिथे 'अननोन' देतात, तेव्हा एलस्टॅट (फाइलची माहिती विचारणारं फंक्शन) करावंच लागतं. रीडडिरने नल दिलं म्हणजे यादी संपली असंही नाही, एररसुद्धा असू शकते, म्हणून कॉलच्या आधी एररनो (एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) शून्य करा आणि नल आल्यावर तपासा. आणि क्रमावर विसंबू नका, एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइलसिस्टिमवर) नावं बहुतेक अक्षरवार येतात, ईएक्सटी४वर (लिनक्सच्या) कशीही, सॉर्ट आपलं आपण करायचं.

सी सोडायची तयारी असेल तर सी++१७ मध्ये फोल्डरमधल्या नावांवरून फिरणारा डिरेक्टरी_इटरेटर आहे, डॉट आणि डबल डॉट (वरचा फोल्डर) तो स्वतःच वगळतो. सॉर्ट मात्र तिथेही तुम्हालाच करावं लागेल.