एका दाढेच्या कॅपसाठी स्कॅनरचं माप घ्यावं की पेस्टचं? सांगलीतले डॉक्टर दोन्ही करून देतात

एकाच दाढेची कॅप असेल तर खुशाल स्कॅनरचं घ्या, ती पेस्टच्या (रबर बेसच्या) मापाइतकीच नीट बसते. मिरजेच्या डेंटल लॅबमध्ये कॅपा बनवतो, त्यावरून सांगतो. स्कॅनची फाइल आमच्याकडे लगेच येते. त्यात दाताची कड, म्हणजे कॅप जिथे टेकते ती रेघ, धूसर दिसली तर तुम्ही खुर्चीत असतानाच डॉक्टरांना फोन करून तेवढाच भाग परत स्कॅन करायला सांगता येतं. पेस्टचं माप फाटलेलं निघालं की तुमची आणखी एक खेप ठरलेली. तोंडात ट्रे घातला की उमासे येणाऱ्यांची तर सुटकाच! फक्त एक, स्कॅनर म्हणजे शेवटी कॅमेराच, जे दिसतं तेवढंच टिपतो. कड हिरडीखाली खोल गेली असेल तर पातळ पेस्ट तिथवर शिरते, कॅमेऱ्याला ती दिसत नाही. तेव्हा डॉक्टर पेस्टच म्हणाले तर हट्ट धरू नका.