तापीकाठच्या वाळूत पळणारा, पिवळ्या कड्याच्या डोळ्यांचा तो लहान पक्षी कोणता?

आपण वर्णन केलेला, भुसावळजवळ तापीच्या वाळूत दिसलेला पक्षी बहुधा कंठेरी चिखल्या असावा. साधारण १६ सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे चिमणीहून किंचित मोठा असा हा पक्षी तुरुतुरु धावतो, एकाएकी थबकतो, चिखलावर पाय थरथरवून आतले किडे वर यायला लावतो आणि चोचीने अलगद टिपतो. डोळ्याभोवतीचे ठळक पिवळे कडे आणि गळ्यातला अखंड काळा पट्टा पाहिला की ओळख जवळपास पक्की होते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या केंटिश चिखल्याला ते कडे नसते, त्याचा पट्टा छातीवर तुटलेला असतो आणि उडताना पंखावर पांढरी रेघ दिसते, जी कंठेरीत नसते.

भुसावळजवळच तापीवर असलेल्या हतनूर धरणाच्या पाणफुगवट्याच्या काठी हिवाळ्यात अशा पाणथळ पक्ष्यांची चांगली गर्दी असते. मात्र कंठेरी चिखल्या आपल्याकडे उन्हाळ्यातही राहून वीण करतो. घरटे म्हणजे वाळू-गोट्यांतला नुसता उथळ खळगा. त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी असतात, जी गोट्यांत इतकी मिसळून जातात की पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आपण जवळ गेल्यावर पंख मोडल्याचे सोंग करत तो लंगडत दूर पळू लागला, तर (हे सोंग आपल्याला घरट्यापासून दूर नेण्यासाठी असते) त्याच्या मागे न जाता पायाखाली पाहत आल्या वाटेने परतावे, कारण खानदेशातल्या उन्हात पालक फार वेळ दूर राहिले तर उघडी अंडी तापून खराब होऊ शकतात.