बारशाच्या दिवशी बोललेलं वाक्य

(मुलाचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे.)

बारशाला घर भरलेलं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि आत्याबाई मामाला म्हणाल्या, "अरे, भाच्याला घे की जरा!" एकोणीस वर्षांचा मामा पाळण्यापासून दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "आणखी एक माणूस. पृथ्वीवर काय कमी होती?"

हे त्याच्या बहिणीनं ऐकलं. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. त्या रात्री ती जेवली नाही.

मी समुपदेशक. चार दिवसांनी त्याची आई रत्नागिरीत माझ्याकडे आली. बाहेर धो धो पाऊस होता. छत्री दाराशी ठेवून तिनं बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, ह्याला कुणी काही केलं असेल का?" गावदेवीला कौल लावून झाला होता. नऊ-दहा महिने पोरगा बदलत चालला होता. मासे सोडले, मग मित्र सोडले. घरातले दिवे आणि पंखे बंद करत फिरायचा. गणपती दहा दिवसांवर आले होते, मुंबईहून पंचवीस माणसं घरी यायची होती. त्यांच्यासमोर हा असंच काही बोलला तर काय, ही तिची भीती. घर गणपतीपुळ्याच्या जवळ, पर्यटकांसाठी सहा खोल्या आणि घरगुती जेवण, हाच उदरनिर्वाह.

मुलाला आपण निनाद म्हणू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, प्राणिशास्त्र घेतलेला. पहिल्या भेटीत तो पाठ केल्यासारखा बोलत होता. पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन एका काट्यावर घातलं तर 60 टक्के भरतात आपण पाळलेली गुरंढोरं, 36 टक्के आपण, आणि हत्तीपासून देवमाशापर्यंत सगळे रानटी सस्तन प्राणी मिळून उरलेल्या 4 टक्क्यांत. हे 2018 सालच्या एका मोठ्या अभ्यासातलं. दहा लाख जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत, हे 2019 चा आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवाल सांगतो. "माणूस नसता तर पृथ्वी सुखात असती. माझं काय चुकलं सांगा," तो म्हणाला.

आणि मी सांगायला लागले. ही माझी चूक. माणसानं काय चांगलं केलं ते मी त्याला मोजून दाखवलं: औषधं, संगीत, देवराया. तो प्रत्येकाला उत्तर देत गेला, आणि आकड्यांच्या बाबतीत तो खोटं काहीच बोलत नव्हता. पाऊण तास वाद झाला. जाताना तो आला होता त्याहून दमलेला दिसला. दार लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या वाक्याशी बोलत बसले होते आणि तो स्वतः बाजूला राहिला होता.

दुसऱ्या भेटीत मी एकच प्रश्न विचारला. "माणूस नको म्हणतोस, त्यात तू धरून का रे?"

तो बराच वेळ बोटांची नखं बघत राहिला. मग म्हणाला, "धरूनच ना."

इथे थांबून पालकांना एक गोष्ट सांगायला हवी. "मुलाला मरणाबद्दल विचारलं तर नसता विचार डोक्यात भरेल," अशी भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. तसं होत नाही. सरळ, शांतपणे विचारलं तर बहुतेक मुलांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तो विचार ती एकटी वागवत असतात. मी निनादला थेट विचारलं: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, हे ठरवलंयस का? ठरवलेलं काही नव्हतं. पण आपण नसतो तर बरं, असं रोज रात्री वाटायचं. झोप तीन तासांवर आली होती. आपल्यातलं बोलणं बाहेर जात नाही, पण जिवाला धोका असेल तिथे मी गप्प राहू शकत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून त्याच्यासमोरच आईला आत बोलावलं, आणि त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली. रात्री-अपरात्री फार दाटून आलं तर लावायला टेलि-मानसचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये घातला. सरकारची विनामूल्य सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

मग मी विचारलं, हे कधीपासून? आणि तो एकदम दिवाळीवर गेला.

नोव्हेंबर 2023. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं एक पिल्लू लागलं होतं. बातम्या वाचलेल्यांना आठवेल. दिवाळीची सुट्टी, किनारा पर्यटकांनी फुललेला, आणि वाळूत ते कित्येक टनांचं जनावर अडकलेलं. गावकरी, वनखातं, पोलीस, तटरक्षक दल, सगळे धावले. अंगावर ओली कापडं घातली, पाणी मारत राहिले, सलाईन दिलं. भरतीची वाट बघून बोटीनं ओढून शेवटी खोल पाण्यात सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ते पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडे आलं आणि मेलं.

निनाद तिथे होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे तो तिथे होता हे घरी माहीत होतं, पण काय झालं ते नाही. पहिल्या दिवशी मित्रांबरोबर तो पळत गेला तो फोटो काढायला. गर्दीत घुसून, अगदी डोक्याजवळ उभं राहून त्यानं सेल्फी काढला. हसत. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर त्याच्या खांद्यामागे त्या पिल्लाचा डोळा होता. उघडा.

मग तो परत गेला आणि रात्रभर बादलीनं पाणी मारत राहिला. दुसऱ्या दिवशीही. पिल्लू मेल्याचं कळलं तेव्हा त्यानं फोटो पुसून टाकला, पण पुसल्यानं तो गेला नाही.

"गर्दीनं मारलं त्याला," तो म्हणाला. "आमच्या आवाजानं. माझ्या."

इतके दिवस तो ज्याला ‘माणूस’ म्हणत होता, तो हसत फोटो काढणारा एक मुलगा होता. माझ्या अनुभवात हे वाक्य बहुतेक वेळा असंच येतं. सबंध मानवजातीला शिक्षा ठोठावणाऱ्या मुलाच्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात कुणीतरी एकच उभं असतं. कधी ते मूल स्वतः, कधी त्याचा बाप. म्हणून असं बोलणाऱ्या मुलाला ‘थेरं’, ‘मोबाईलचं खूळ’ म्हणून उडवून लावू नका. तुमचं मूल एकटंही नाही. 2021 साली भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार मुलामुलींना विचारलं गेलं, तेव्हा निम्म्याहून जास्त, 56 टक्के, म्हणाले की मानवजातीचा विनाश ठरलेला आहे. दहातली चारेक मुलं म्हणाली, आम्हाला मूल जन्माला घालायचं की नाही याचीच शंका वाटते. ज्या पोरांनी 2020 चं निसर्ग वादळ पाहिलं, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली जाताना आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली जाताना पाहिलं, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या भेटीपर्यंत औषध सुरू झालं होतं, झोप पाच तासांवर आली होती. तेव्हा कुठे आम्ही देवमाशाबद्दल नीट बोलू शकलो. मी त्याला एक गृहपाठ दिला: देवमासे किनाऱ्याला का लागतात, ते शोधून आण. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, त्यानं ते मन लावून केलं. आजारपण, आईपासून ताटातूट, उथळ किनाऱ्याचा चकवा, जहाजाची धडक, जाळी, पाण्याखालचे कर्कश आवाज. काही कारणं माणसाची, काही नाहीत. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञानंही लिहून ठेवलंय की डॉल्फिन कधीकधी कोरड्या किनाऱ्यावर धाव घेतात आणि का ते कळत नाही. तेव्हा इंजिनाची जहाजं नव्हती. आणि एक गोष्ट तर त्याला मुळात माहीत होती, फक्त स्वतःला लागू करायची राहिली होती: तो सेल्फी काढायच्या आधीच पिल्लू वाळूत रुतलेलं होतं.

त्यानं आणखी एक आकडा आणला होता. विसाव्या शतकात माणसानं जवळजवळ 29 लाख देवमासे मारले. तो आकडा वाचताना त्याचा आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला. मी म्हटलं, "कुणी मारले?" "माणसानं." "कुठल्या?" तो थांबला. तेल आणि मांसासाठी कारखान्यासारखी जहाजं घेऊन दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रापर्यंत जाणारे काही देश होते, काही कंपन्या होत्या. तुझ्या गावचा रापणीचं जाळं ओढणारा खारवी त्यात नव्हता. तुझी आजी नव्हती. ‘माणूस’ म्हटलं की कुऱ्हाड चालवणारा आणि देवराईत काडीही तोडू न देणारा एकाच टोपलीत जातात, आणि ज्याला जाब विचारायचा तो आरामात निसटतो. हे मी त्याला जरा तावातावानं सांगितलं, कारण मला ते मनापासून पटतं.

आणि पुढचं मी त्याला वाचायला दिलं. 1982 साली व्यापारी शिकार थांबवायचं ठरलं, 1986 पासून ते लागू झालं. ब्राझीलच्या बाजूच्या समुद्रातले कुबडे देवमासे, म्हणजे हंपबॅक, 1950 च्या दशकात 450 च्या आसपास उरले होते, ते आता 25 हजारांच्या घरात आहेत. निळ्या देवमाशाचं तसं झालेलं नाही, हेही मी लपवलं नाही.

"पण मुळात माणूस नसता तर ही वेळच आली नसती," तो म्हणाला.

खरं आहे. या वाक्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही आणि आता मी ते शोधतही नाही. मी फक्त विचारलं, "पृथ्वीला बरं, म्हणजे कुणाला रे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांसकट तीन चतुर्थांश जाती गेल्या. पृथ्वीला त्याचं काही वाटलं?" बरं-वाईट वाटायला कुणीतरी लागतं. त्या पिल्लाला वेदना होत होत्या, ते खरंच. पण ते मेल्यावर नऊ महिने ज्याच्या घशाखाली मासा उतरला नाही, तो माणूसच होता. आपण गेलो तर जाळी समुद्रातच राहतील. त्यांत कासवं अडकतीलच, सोडवायला मात्र कुणी नसेल.

तो काही बोलला नाही. मीही त्याला पटलं का विचारलं नाही.

खरा बदल माझ्या बोलण्यानं झाला नाही. तो झाला गणपती विसर्जनानंतर, आईवडिलांना एकत्र बोलावलं त्या दिवशी. बापाशी त्याचं वर्षभर बोलणं नव्हतं. पर्यटक आणता, किनारा घाण करता, त्यावर आपण जेवतो, हा त्याचा राग. वडील खुर्चीच्या कडेवर बसलेले, हातात टोपी. मी निनादला विचारलं, ती रात्र बाबांना सांगशील का? त्यानं सांगितली. फोटोसकट.

वडील गप्प. आईच म्हणाली, "त्या चादरी आपल्याच होत्या."

"कुठल्या?"

"त्याच्या अंगावर घातलेल्या. ह्यांनी सहा खोल्यांमधल्या काढून नेल्या. बारा चादरी. गिऱ्हाईक उभं, दिवाळीचा सीझन, मी ओरडतेय. नंतर धुतल्या, पण वास जाईना. टाकून दिल्या शेवटी."

निनाद वडिलांकडे बघत राहिला. रात्रभर तो ज्या ओल्या कापडांवर बादल्या ओतत होता ती बापानं आणलेली होती, हे त्याला माहीत नव्हतं. वडिलांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "मी त्या बाजूला होतो, शेपटीकडे. तू दिसलास मला. म्हटलं, करतोय पोरगा, करू दे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं बाबू? गेलंच ना ते."

मग बाप रडला. नंतर मुलगाही. मी त्यात काही बोलले नाही.

त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा भेटलो. डॉक्टरांनी औषध सात-आठ महिन्यांनी हळूहळू कमी केलं. निनादनं मासे अजून खाल्लेले नाहीत, आणि ते त्याचं त्यानं ठरवायचं, असं मी त्याच्या आईला निक्षून सांगितलं आहे. खोल्यांमध्ये आता पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या देत नाहीत, तांब्या-भांडं ठेवतात. ते बापलेकांनी भांडून-भांडून ठरवलं.

बहिणीची त्यानं माफी मागितली का, मला माहीत नाही. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "मॅडम, मला अजून वाटतं की माणसं फार झालीत. कमी असायला हवीत."

मी म्हटलं, "हे वाटू शकतं. पण कमी हवीत आणि नकोत, ही दोन वेगळी वाक्यं आहेत."

त्यानं मान हलवली आणि घड्याळ बघितलं. त्याला निघायची घाई होती. ताई बाळाला घेऊन आठवड्यासाठी माहेरी आली होती, बाळाचा गोवराचा डोस होता, आणि आरोग्य केंद्रात बारानंतर घेत नाहीत.