कराडसारख्या ठिकाणी दारू सोडण्यासाठी सपोर्ट ग्रुप कसा शोधायचा? ओळखीचं कोणी भेटलं तर?

तुम्ही लिहिलंय की रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच. सोडायचीय, पण महिनाभर केंद्रात जाऊन राहण्याइतकी रजा नाही, आणि कराडात मीटिंगला गेलो तर कोणीतरी बघेल ही धास्ती आहे.

आधी धास्तीचं बघू, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. तुम्ही पिता हे गावाला माहीत आहे. वाइन शॉपवाल्याला माहीत आहे, परमिट रूमच्या वेटरला आहे, मेव्हण्याला तर आहेच. वेलची चघळून घरात शिरलं की कोणाला कळत नाही, हा समज फक्त पिणाऱ्याचाच असतो. माझाही होता. मीटिंगमध्ये ओळखीचा माणूस भेटलाच, तर तो काही तिथं लग्नाची पत्रिका द्यायला आलेला नसतो. मला आमच्याच बँकेतले एक साहेब भेटले. दोघंही जरा गडबडलो, मग त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. बाहेर त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही. तरीही अवघड वाटत असेल तर सुरुवातीला साताऱ्याची किंवा सांगलीची मीटिंग धरा. फक्त ते कायमचं ठेवू नका. एसटी चुकली, पाऊस लागला, ऑफिसात उशीर झाला, इतकं कारण मनाला पुरतं.

एक गोष्ट मात्र ग्रुपच्याही आधी. रोज पिणाऱ्याने, त्यातही सकाळी प्यावी लागणाऱ्याने, एकदम बंद करून घरी पडून राहू नये. हात थरथरणं, घाम, झोप न लागणं हे पहिल्या दिवसातच सुरू होतं. काहींना दोन दिवसांच्या आत फिट येते, काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होतात, माणूस बरळायला लागतो. त्यात जीवही जातो. सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किती पिता ते खरं सांगा. ते काही दिवस गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व देतील, गरज वाटली तर दाखल करतील. महिन्याची रजा लागेलच असं नाही.

आता ग्रुप. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे सगळे नुसतं 'ए.ए.' म्हणतात ते, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. महाराष्ट्रात त्याच्या मीटिंगा कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात भरतात. बाहेर मोठी पाटी शोधू नका, बहुधा नसते. त्यांच्या भारताच्या वेबसाइटवर फोन नंबर मिळतात. फोन करा आणि विचारा: कराडला किंवा जवळ कुठल्या वारी, किती वाजता, मीटिंग मराठीत असते का, ओपन की क्लोज्ड? ओपनला घरचं माणूसही चालतं, क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायचीय तो. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळे लाजू नका. जागा आणि वेळ बदलत राहते, म्हणून जुन्या यादीवर विसंबून निघू नका. इथूनही नाहीच जमलं तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था आहे, तिथेही विचारा. पुण्याचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथून उपचार घेऊन आलेल्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका पुण्याबाहेरही होतात, त्यातली जवळची कुठली ते फोनवर कळेल.

मीटिंगमध्ये काय होतं? तास-दीड तास लोक आळीपाळीने बोलतात. उपदेश नाही, मध्येच कोणी तोडत नाही. बोलायचं नसेल तर नाव सांगून गप्प बसा. फी नाही; शेवटी पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो टाकतो. प्रार्थना असते आणि ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो 'आपल्याला समजेल तसा'. नास्तिक माणसं वर्षानुवर्षं येताना मी पाहिली आहेत. पहिला ग्रुप रटाळ वाटला तर दुसरा बघा. प्रत्येक ग्रुपची तऱ्हा वेगळी असते, एखाद्या ठिकाणी दोनच म्हातारे बोलत राहतात. माळ घालून सुटलेलेही आपल्या भागात कमी नाहीत. मला वाटतं त्यातही निम्मं काम दर एकादशीला भेटणारी चार माणसंच करतात.

रिक्षाच्या मागे 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात असते, ती घरच्यांना दाखवून आत्ताच नाही म्हणून ठेवा. असं न सांगता दिलेलं औषध डायसल्फिराम नावाची गोळी असू शकते, आणि ती घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेततं. ती डॉक्टरांनी, घेणाऱ्याला सगळं सांगूनच द्यायची असते.

आणि वहिनींसाठी अल-अॅनॉन आहे, तो घरच्यांचा वेगळा ग्रुप. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. तुम्ही मीटिंगला जाण्याची वाट न बघता त्या आधी गेल्या तरी चालतं.